फिर्मिन दुबेर्नेची चार टेबलं

मुलगी फोनवर "मी विचार करेन" म्हणाली, तर बापाने एवढंच समजावं की ती विचार करेल. फिर्मिन दुबेर्नेला हे समजलं असतं, तर लुस्ताले या फ्रेंच खेड्याच्या धक्क्यावर पुढचं रामायण घडलंच नसतं आणि पालिकेच्या मादाम लेस्कारे यांचे नवे कोरे बूटही वाचले असते. पण बाप नावाचा प्राणी फोनवर अर्धंच ऐकतो आणि उरलेलं अर्धं मनाने भरतो.

फोन आला रविवारी, ऐन जेवणाच्या वेळी. माइलिस ही फिर्मिनची एकुलती एक मुलगी. ती बोर्दोला एका विमा कंपनीत होती. कुणाचा नळ फुटला, कुणाचं स्वयंपाकघर जळलं, की जाऊन बघायचं आणि यात मालकाचा गाढवपणा किती होता ते ठरवायचं, हे तिचं काम. आईबापांशी बोलतानाही तो सूर तिच्या आवाजातून पुरता जात नसे.

"पापा, हल्ली कालवं घरी नेऊन उघडतं कोण? अर्धे लोक हातच कापून घेतात. लोकांना बसून खायची असतात, खाडीकडे बघत. खोपीसमोर चार टेबलं टाक की!"

"टाकली तर तू येशील परत?"

"मी विचार करेन."

फिर्मिनने फोन ठेवला आणि बायकोला सांगितलं, "सोलांज, पोरगी येतेय."

आता त्याचं इतकं का अडलं होतं, तर कालवांची ही शेती त्याच्या आजोबांची. पण समुद्राची जमीन कुणाच्या बापाची नसते, ती सरकारची. कसणारा थकला आणि घरचं कुणी पुढे आलं नाही, की सागरी कचेरी ती दुसऱ्या कुणाला देऊन टाकते. फिर्मिनचे गुडघे गेल्या हिवाळ्यापासून होडीत चढताना कुरकुरायला लागले होते. आणि हे दुसरं कुणी म्हणजे कोण, हेही साऱ्या धक्क्याला ठाऊक होतं. शेजारच्या ओनोरे कास्तेंचे दोन दणकट पुतणे केव्हापासून बाह्या सरसावून बसले होते. ओनोरे स्वतः मनाने वाईट नव्हता, उलट फार प्रेमळ होता. फिर्मिनच्या खांद्यावर हात ठेवून तो म्हणायचा, "तू चिंता करू नकोस रे. तुझं शेत चांगल्या हातांत जाईल." त्यावर फिर्मिनच्या तळपायाची आग मस्तकात जायची, आणि ओनोरेला वाटायचं की गडी गहिवरला.

तर टेबलं. लुस्तालेत टेबल म्हटलं की जेवायचं टेबल कुणाच्या डोळ्यांपुढे येत नाही. टेबल म्हणजे गुडघाभर उंचीची लोखंडी मांडणी. ती समुद्रात रोवायची, तिच्यावर कालवांच्या जाळीच्या पिशव्या बांधायच्या. भरतीला ती बुडते, ओहोटीला उघडी पडते. फिर्मिनकडे अशी गंजकी टेबलं ढिगाने पडून होती. चांगलं लोखंड असताना पैसे देऊन लाकूड आणायला तो काही जमीनदार नव्हता. त्याने चार टेबलं खरवडली, निळा रंग फासला, वर फळ्या ठोकल्या आणि खोपीसमोरच्या अंगणात नेऊन मांडली.

ओनोरे कमरेवर हात ठेवून बघत होता.

"बुटकी झाली," तो म्हणाला.

"समुद्रात कधी कुणी तक्रार केली नाही."

"समुद्रात कालवं बसतात. इथे माणसं बसणार. गुडघे कुठे ठेवायचे त्यांनी, हनुवटीखाली?"

फिर्मिनने बसून बघितलं. गुडघे खरंच हनुवटीखाली आले. मग त्याने पायांना लोखंडी नळ्या जोडून टेबलं उंच केली. मग ती डुगडुगायला लागली. मग ओनोरेच्या सल्ल्याने पाय जमिनीत सिमेंटने रोवले. "आता बघ," ओनोरे म्हणाला, "वादळ आलं तरी हलायची नाहीत." हा एक सल्ला मात्र पुढे तंतोतंत खरा ठरला, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं.

खुर्च्या चर्चच्या सभागृहातून उसन्या आल्या. लाकडी, घडीच्या. प्रत्येकीच्या पाठीवर "हलवू नये" असं रंगवलेलं. पाद्रीबुवांनी त्या दिल्या, पण जाताजाता तेही म्हणाले, "फिर्मिन, कॉफीचं काय केलंस? कालवांनंतर लोकांना कॉफी लागतेच."

इथून कॉफीचं प्रकरण सुरू झालं. कालववाल्याने आपल्या दारात गिऱ्हाईक बसवायचं असेल तर त्याला कायदा आहे. स्वतःच्या शेतातली कालवं द्या. पाव, लोणी, लिंबू द्या. पांढरी वाईन द्या. गरम काही नाही. शिजवलेलं काही नाही. कॉफी तर नावसुद्धा काढायचं नाही, कारण कॉफी दिली की त्याचं हॉटेल होतं आणि हॉटेलवाले कोर्टात जातात. अख्ख्या गावाला हा कायदा पाठ होता आणि तरी पावाच्या दुकानात, पोस्टात, धक्क्यावर जो भेटेल तो विचारायचा, "आणि कॉफी?" ओनोरेने तर तोडगाच काढला. "कालवांबरोबर आपल्याकडे गरम सॉसेज लागतं की नाही? लागतंच. ती मी माझ्या अंगणात भाजतो. तुझ्या गिऱ्हाइकाने हात लांब केला तर तो कुणाच्या हद्दीत गेला, हे कोण बघतंय?"

"सागरी कचेरी बघते," फिर्मिन म्हणाला.

"तुझं अंगण सागरी कचेरीकडे आहे का पण?"

हा प्रश्न ओनोरेने सहज विचारला. साडेसाती अशीच सहज येते.

फिर्मिन पालिकेत गेला. तिथे मादाम लेस्कारे बसायच्या. टापटीप बाई, केस एकही इकडचा तिकडे नाही. त्यांनी नकाशा उलगडला. "मस्यो दुबेर्ने, आमची हद्द तुमच्या खोपीच्या मागच्या भिंतीपर्यंत. पुढचं अंगण समुद्राचं. तुम्ही सागरी कचेरीत जा."

सागरी कचेरीत मस्यो ब्रियाल होते. उंच, वाकलेले, सदा सर्दी झालेले. त्यांनी आपला नकाशा उलगडला. "कसं आहे मस्यो दुबेर्ने, मोठ्यात मोठी भरती जिथवर पोचते तिथवर समुद्र. आमच्या नकाशाप्रमाणे ती धक्क्याच्या कडेला थांबते. तुमचं अंगण म्हणजे शुद्ध कोरडी जमीन. तुम्ही पालिकेत जा."

"पालिका म्हणते समुद्र आहे."

"पालिकेला समुद्रातलं काय कळतं?"

फिर्मिन पुन्हा पालिकेत गेला. मादाम लेस्कारे म्हणाल्या, सागरी कचेरीने ही जमीन आपली नाही असं लिहून द्यावं. मस्यो ब्रियाल म्हणाले, पालिकेने आपली आहे असं लिहून दिलं की आम्ही आमची नाही असं लिहून देऊ. असा सगळा उन्हाळा गेला. चार टेबलं सिमेंटात पाय रोवून उभी होती आणि ज्या जमिनीवर उभी होती ती कुणाचीच नव्हती. त्रिशंकूला निदान स्वर्ग आणि पृथ्वी दोन्हीकडून कुणी ढकलत तरी होतं. फिर्मिनला दोन्हीकडून अतिशय नम्रपणे दार दाखवलं जात होतं. चाळीस वर्षं ज्या अंगणात त्याने कालवं निवडली, ते अंगण जगात नाहीच असं त्याला दोन सरकारी माणसांनी सांगितलं. माणसाला लागणार नाही तर काय होईल?

एका बाबतीत मात्र दोन्ही कचेऱ्यांचं एकमत होतं. गिऱ्हाइकांसाठी संडास हवा. टेबलांपासून दूर हवा आणि उंचवट्यावर हवा. म्हणून एक निळा प्लॅस्टिकचा संडास ट्रकवरून आला. अंगणाच्या मागच्या कोपऱ्यात दगडांचा ओटा होता, त्यावर तो चढवला. ट्रकवाला, ओनोरे, त्याचे पुतणे, पाद्रीबुवा आणि पोस्टमन असे सगळे "डावीकडे घे, डावीकडे" म्हणून ओरडत असताना फिर्मिनचा संयम सुटला.

"बस्स!" तो किंचाळला. "आजपासून या अंगणात कुणी सल्ला द्यायचा नाही! ओनोरे, तू तर मुळीच नाही. मी मागितल्याशिवाय एक शब्द बोललास तर माझ्या दारात पाऊल ठेवायचं नाही!"

ओनोरेचा चेहरा उतरला. छातीवर हात ठेवून तो म्हणाला, "ठीक आहे. तू मागितल्याशिवाय मी एक शब्द बोलणार नाही. माझ्या आईची शपथ." आणि तो घरी गेला. लुस्तालेत शपथ मोडत नाहीत. त्यांच्याकडे दुसरं मोडण्यासारखं फारसं काही नसतं.

तोडगा शेवटी सोलांजने काढला. "दोघांनाही जेवायला बोलाव," ती म्हणाली. "उद्घाटन म्हणून. कागदावर जे जमत नाही ते कालवांवर जमतं. आणि माइलिसलाही बोलाव. तिला दिसू दे."

फिर्मिनला हे पटलं. प्रश्न तारखेचा होता, आणि तारीख ठरवायची म्हटल्यावर तो अगदी सम्राटासारखा बसला. या खाडीवर लोक एकमेकांना "कसं काय" विचारत नाहीत, "आज किती?" विचारतात. भरती-ओहोटीच्या पत्रकात रोज उधाणाचा एक आकडा छापलेला असतो. साठ-सत्तर म्हणजे साधा दिवस. शंभराच्या वर गेला की पाणी इतकं मागे सरतं की एरवी कधी न दिसणारी शेतं उघडी पडतात. सप्टेंबरातल्या मोठ्या उधाणाला एका शनिवारी आकडा होता एकशे पंधरा! फिर्मिनला लॉटरी लागल्यासारखं झालं. त्याचं एक दूरचं शेत होतं, खाडीच्या तोंडाशी. ते वर्षातून दोन-चारदाच हाती लागायचं. तिथे त्याने काही पिशव्या पाच वर्षं ठेवल्या होत्या. विकल्या नव्हत्या, कुणाला दाखवल्याही नव्हत्या.

"शनिवारी सकाळी ओहोटीला ती काढायची आणि संध्याकाळी पाच वाजता वाढायची," तो म्हणाला. "आयुष्यात खाल्ली नसतील अशी कालवं. मग बघतो पोरगी कशी नाही म्हणते ते."

शुक्रवारीच माइलिस आली. शनिवारी सकाळी बापलेक होडीतून निघाले. पाणी ओसरत ओसरत पार क्षितिजाला जाऊन टेकलं होतं. चिखलात पाय रोवत ते दूरच्या शेतात पोचले, तेव्हा फिर्मिनच्या गुडघ्यांनी तक्रार करायचीसुद्धा सोडली. त्याने एक पिशवी सोडली, एक कालव काढलं, सुरीने उघडलं आणि मुलीच्या हातात दिलं. तिच्या तळहाताएवढं होतं.

तिने ते खाल्लं. रिकामा शिंपला हातात फिरवून बघितला.

"केव्हाची आहेत ही?"

"तू बोर्दोला गेलीस ना, त्या शरदातली." फिर्मिन पिशवीची गाठ उगाचच पुन्हा बांधत होता. "म्हटलं, असू दे. तू येशील तेव्हा उघडू. मग तू नाताळला यायचीस तेव्हा नेमकी ओहोटी मोठी नसायची."

माइलिसने तोंड फिरवलं आणि म्हणाली की वारा डोळ्यांत जातोय. वारा पश्चिमेचा होता आणि ती पूर्वेकडे बघत होती. पण फिर्मिनला मुलीशी वाऱ्यावरून वाद घालायचा नव्हता. त्याला इतकं बरं वाटत होतं की परतताना त्याने होडीत गाणं म्हटलं, आणि त्याचा आवाज तर सगळ्या खाडीला माहीत आहे.

घरी येऊन बघतो तर काय, सोलांजने कालवांच्या चिखलाने माखलेल्या सगळ्या रिकाम्या टोपल्या अंगणात, टेबलांच्या मधोमध ओळीने मांडलेल्या!

"अगं बाई, वेड लागलंय का तुला? साहेब लोक यायचेत आणि तू घाण मांडून ठेवतेस?"

सोलांज गोंधळली. टेबलांवरचे कपडे इस्त्री करता करता मध्येच तिने त्या बाहेर नेल्या होत्या. का, ते तिलाही सांगता येईना. सप्टेंबरातल्या या दिवसांत ती त्या नेहमी बाहेर मांडायची, एवढंच. "फिर्मिन, आज काहीतरी असतं बघ..." ती कपाळाला हात लावून आठवायला लागली.

"आज उद्घाटन असतं!" असं म्हणून फिर्मिनने सगळ्या टोपल्या एकेक करून आत नेऊन ठेवल्या.

पाच वाजता पाहुणे आले. मादाम लेस्कारे नवे तांबूस बूट घालून आल्या. मस्यो ब्रियाल रुमाल घेऊन आले. दोघांना खाडीजवळच्या टेबलाशी मानाने बसवलं, एकमेकांसमोर. पाद्रीबुवा आले, पाववाली आली, आणि सर्वांत शेवटी ओनोरे आला. त्याने लग्नातला काळा कोट घातला होता, टाय बांधला होता, केसांना पाणी लावलं होतं आणि पायांत मांड्यांपर्यंतचे रबरी बूट चढवले होते.

फिर्मिनने ते बूट बघितले. अपमान करायला आलाय, त्याने मनात म्हटलं. माझ्या उद्घाटनाला चिखलाचे बूट!

"मुद्दाम घातलेस?" तो दात आवळून म्हणाला.

ओनोरेने जोरजोरात मान हलवली. तोंड घट्ट मिटलेलं. डोळे मात्र बाहेर यायचे राहिले होते. त्याने एकदा खाडीकडे बघितलं, एकदा फिर्मिनकडे, एकदा आपल्या बुटांकडे. माणूस इतक्या कळकळीने गप्प बसलेला लुस्तालेत पूर्वी कुणी पाहिला नव्हता. फिर्मिनने फक्त विचारायचा अवकाश होता. पण फिर्मिन दुबेर्ने सल्ला मागणार? त्या बुटांना? त्याने पाठ फिरवली आणि कालवं उघडायला घेतली.

पहिली ताटं गेली आणि टेबलांवर शांतता पसरली. कालववाल्याला यापरती दाद नसते. मस्यो ब्रियाल यांची सर्दी पळाली. "मादाम," ते हळूच म्हणाले, "मला वाटतं, ही जमीन तुमच्याकडे असायला माझी हरकत नाही." मादाम लेस्कारे यांनी लिंबू पिळलं. "नाही हो, तुमच्याकडेच शोभते." इतक्या गोडीत भांडण चाललं होतं की फिर्मिनने दारातून सोलांजला डोळा मारला. माइलिस पावाच्या टोपल्या घेऊन फिरत होती आणि हसत होती. तिला असं हसताना त्याने शाळेत होती तेव्हा शेवटचं पाहिलं होतं. जमलं, त्याला वाटलं. देवा, जमलं सगळं.

तेवढ्यात मादाम लेस्कारे म्हणाल्या, "माझ्या बुटांत काहीतरी गार लागतंय."

आता हे सांगायलाच हवं की जितकी मोठी ओहोटी तितकीच मोठी भरती, आणि तीही सहा तासांत, हे या खाडीवर पाळण्यातलं पोरसुद्धा जाणतं. फिर्मिनही जाणत होता. पण उधाणाचा दिवस म्हणजे त्याच्या लेखी ओहोटीचा दिवस. जन्मभर त्या दिवशी तो सकाळी शेतात मरेस्तोवर राबला आणि दुपारी सूप पिऊन आडवा झाला. संध्याकाळी पाणी चढायचं तेव्हा तो घोरत असायचा. भरतीला कालववाल्याचं काय काम? आणि वर्षातून दोनदा हे पाणी अंगणात येतं, सोलांजच्या टोपल्या फुकटात धुऊन देतं आणि निघून जातं, हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. पण ते अंगणाबद्दल ठाऊक होतं. आता ते अंगण राहिलं नव्हतं, त्याची बैठक झाली होती. जागेचं नाव बदललं म्हणून समुद्राने ऐकायला हवं, असं माणसाला वाटतं खरं.

"टोपल्या!" सोलांज दारातून ओरडली. "फिर्मिन, टोपल्या! आठवलं मला!"

पाणी मुकाट्याने आलं. लाट नाही, खळखळ नाही. फरश्यांच्या सांध्यांतून झिरपलं, मग पसरलं, मग घोट्यापर्यंत चढलं. पश्चिमेचा वारा त्याला मागून रेटत होता. चर्चच्या रिकाम्या खुर्च्या एकेक करून उचलल्या गेल्या आणि "हलवू नये" असं पाठीवर मिरवत धक्क्याच्या कडेने तरंगत निघाल्या. पाद्रीबुवा झगा वर धरून त्यांच्यामागे धावले. टेबलं मात्र जागची हलली नाहीत. एक तर सिमेंट ओनोरेचं होतं, आणि दुसरं म्हणजे ती जन्मभर पाण्यातच उभी राहिलेली; त्यांना यात काही वावगं वाटलं नसावं.

ओनोरे आपल्या बुटांत ऐटीत उभा होता. बोटाबोटाने पाणी चढत होतं आणि तो फिर्मिनकडे आशेने बघत होता.

"बोल!" फिर्मिन कसाबसा म्हणाला. "बोल एकदाचा!"

"भरती येतेय," ओनोरे म्हणाला, आणि त्याला केवढं तरी हलकं वाटलं.

साहेब लोक पळतील असं कुणालाही वाटलं असतं. पण मस्यो ब्रियाल टेबलाशी उभे राहून पाण्याकडे टक लावून बघत होते. "मादाम!" ते ओरडले. "हे आमचं आहे! मोठ्यात मोठी भरती जिथवर पोचते..."

"तिथवरच!" मादाम लेस्कारे गुडघ्यापर्यंत झगा धरून ओरडल्या. "त्यापुढे एक बोटही नाही! थांबा, कुठे थांबतंय बघू दे!"

मग सगळे बघत उभे राहिले. पाणी पहिल्या टेबलापाशी चढलं, दुसऱ्यापाशी चढलं, तिसऱ्याच्या अलीकडे घुटमळलं आणि तिथे टेकलं. फरशीवर फेसाची एक बारीक रेघ उमटली. दोन टेबलं पाण्यात, दोन कोरडी. मादाम लेस्कारे यांनी खडूने त्या रेघेवर खूण केली, मस्यो ब्रियाल यांनी हात पुढे केला आणि दोघांनी पाण्यात उभं राहून हस्तांदोलन केलं. इतके दिवस कुणालाच नको असलेली जमीन आता दोघांनाही अर्धी अर्धी हवी होती. दोघांच्याही बॅगा आणि कागद तेवढे सुखरूप राहिले, कारण ते माइलिसने उचलून संडासात नेऊन ठेवले होते. सरकारी नियमाने दूर आणि उंचावर बांधलेली तेवढी एकच जागा होती.

निकाल तिथल्या तिथे लागला. समुद्राच्या दोन टेबलांवर कालवं ठेवायला सागरी कचेरीची हरकत नव्हती, कारण समुद्रात टेबलं असतात ती त्यासाठीच. मात्र तिथे माणसं बसवता येणार नाहीत. पालिकेच्या दोन टेबलांशी माणसं खुशाल बसू शकतात; मात्र तिथे कालवं देता येणार नाहीत, त्याला हॉटेलचा परवाना लागेल. हे ऐकून फिर्मिनला रडावं की हसावं कळेना. त्याने दोन्ही केलं नाही. मादाम लेस्कारे थंडीने कुडकुडत म्हणाल्या, "मस्यो दुबेर्ने, जरा गरम कॉफी मिळेल का हो?" तेव्हा त्या दिवसात पहिल्यांदाच त्याची मान ताठ झाली.

"नाही मादाम," तो म्हणाला. "कायद्याने देता येत नाही."

शेवटी माइलिसने थर्मास आणला. "ही याची नाही, माझी आहे," असं म्हणून तिने सगळ्यांना कॉफी दिली.

पाणी उतरलं, पाहुणे गेले. मादाम लेस्कारे अनवाणी गेल्या. ओनोरेचे पुतणे होडी घेऊन खुर्च्या गोळा करायला गेले. पोरं कामसू होती, नाही म्हणता येणार नाही. फिर्मिन एका ओल्या टेबलावर बसला. पाच वर्षं त्याने या एका दिवसासाठी कालवं राखली होती आणि पोरीला दाखवला तो हा असा दिवस. शेत आता त्या पोरांकडे जाणार. त्याला इतकं वाईट वाटलं की पायांतले ओले मोजे काढायचंही सुचेना.

माइलिस शेजारी येऊन बसली.

"याचा विमा मिळत नाही, पापा. आमच्याकडे एक कलम आहे. मालकाला आधीपासून माहीत होतं, असं."

"कळलं. जा तू बोर्दोला."

"जाईन ना. राजीनामा द्यायला जावंच लागेल."

फिर्मिनने मान वर केली. तो एवढंच म्हणाला, "कालवं आवडली ना तुला?"

"आवडली. सकाळी ओहोटीला मला वाटलं, परत यावं." तिने त्याचा एक मोजा ओढून काढला आणि पिळला. "संध्याकाळी भरतीला कळलं, यायलाच पाहिजे. तुला एकट्याला सोडलं तर तू पुढच्या खेपेला पाण्याखाली लग्न लावशील कुणाचं तरी."

फिर्मिन दुखावला. चाळीस वर्षं समुद्रात काढलेल्या माणसाला पोटच्या पोरीने असं बोलावं! आणि त्याच वेळी त्याला इतका आनंद झाला की दुखावलेपण धरून ठेवायला बिचाऱ्याला हातच उरला नाही.

शेजारच्या अंगणातून ओनोरेने डोकं पुढे काढलं. अजून त्याने बूट काढले नव्हते.

"फिर्मिन, आता एक बोलू का? मागितलंस तर."

"मागितलं," फिर्मिन म्हणाला.

"तिला येऊ दे," ओनोरे म्हणाला, आणि डोळे पुसत पुतण्यांना हाका मारायला निघून गेला.

माइलिस नाताळच्या आधी आली. आता खोपीत कामाची वाटणी ठरलेली आहे: ओहोटी पापाकडे, भरती तिच्याकडे. पत्रक तिच्या बाजूच्या भिंतीवर लटकतं आणि तारीख तीच ठरवते. सिमेंटातली टेबलं कुणाला उपटता आली नाहीत, ती तिथेच आहेत. दोन टेबलांवर टोपल्या वाळतात आणि उरलेल्या दोन टेबलांशी पाद्रीबुवा आणि ओनोरे काही न खाता बसतात. मुलगी परत कशी आली असं कुणी विचारलं की फिर्मिन त्यांच्याकडे बोट दाखवतो आणि म्हणतो, "या टेबलांमुळे." माइलिस तेव्हा आतून "हो" म्हणते, कारण ते खरंच आहे.